डाव्या हाताची तीन बोटं

दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून त्याची सगळी भीती हातांत उतरते. कुणी खुर्चीचा दांडा आवळून धरतो, कुणी पदराचं टोक पिळत राहतं, कुणी पोटावर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बसतो. तंजावूरमध्ये दवाखाना घालून मला बरीच वर्षं झाली. रोग्याच्या तोंडात बघता बघता त्याच्या हातांकडेही बघायची सवय मला लागली आहे.

त्या दिवशी आलेल्या बाईंचे हात मात्र यातलं काहीच करत नव्हते. सत्तरीच्या पुढच्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, इस्त्रीचं सुती पातळ नेसलेल्या बाई होत्या. गळ्यात बारीकसा क्रूस. खालच्या दाढेचं रूट कॅनॉल होतं. इंजेक्शन देऊन दाढ बधिर व्हायची वाट पाहत मी बाजूला उभा होतो, तेव्हा त्यांचा डावा हात दांड्यावर काहीतरी करत होता. करंगळी, मधलं बोट आणि अंगठा एकदम खाली दाबले जायचे. मग करंगळी तशीच जागेवर राहायची आणि तर्जनी नि अंगठा किंचित सरकून दाबले जायचे. मग अंगठा जागेवर राहायचा आणि करंगळी हलायची. ताल धरण्यासारखं ते नव्हतं. आमच्याकडे कचेरीला, म्हणजे गाण्याच्या मैफलीला, गेलेला माणूस मांडीवर थाप मारून बोटं मोजतो, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. हे वेगळं होतं.

"हे काय करता आहात?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण जीभ जड झाली होती. हसू आलं तेही एकाच बाजूने. मग त्यांनी हात वर उचलला आणि मला दिसेल असं तेच पुन्हा हवेत सावकाश करून दाखवलं.

काम झाल्यावर गालाला हात लावून त्या म्हणाल्या, "रविवारचं गाणं. चर्चमध्ये पियानो मी वाजवते. डावा हात पक्का असला की भीती वाटत नाही."

त्या एका शाळेत संगीत शिकवत होत्या, निवृत्त झाल्या होत्या, आणि गावातल्या एका जुन्या चर्चमध्ये तरुणपणापासून पियानो वाजवत होत्या. एवढं सांगून त्या गेल्या. पुढचा रोगी यायला वेळ होता. मी टेबलावर डावा हात ठेवला आणि करंगळी, मधलं बोट, अंगठा असे एकदम दाबून पाहिले. मधल्या बोटाबरोबर अनामिकाही खाली आली. ती वर ठेवायला गेलो तर करंगळीही वर उचलली गेली. मला नवल वाटलं. माझा धंदा बोटांचा. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत मी सुई फिरवतो. पण ते सगळं उजव्या हाताचं. डावा हात इतकी वर्षं तोंडातला आरसा धरण्यापलीकडे काही शिकलाच नव्हता, आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

पुढच्या वेळी त्या दाढेला टोपी बसवायला आल्या तेव्हा मी विचारलं, मला शिकवाल का.

"डॉक्टर, तुम्हाला वेळ कुठला?"

"दुपारी दवाखाना बंद असतो."

"दुपारी मी झोपते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "संध्याकाळी लवकर या. नखं कापून या."

इथे एक सांगून टाकतो. आमच्या घरात मराठी बोलतात, पण ती तंजावूरची. मी दंतवैद्यकी शिकायला महाराष्ट्रात गेलो तेव्हा वसतिगृहातली मुलं म्हणायची की हा बखरीतून उठून आल्यासारखा बोलतो. देवनागरी मी तिथेच नीट शिकलो, म्हणून हे लिहू शकतो आहे. या बाईंशी माझं बोलणं तमिळमध्ये व्हायचं, मध्येमध्ये इंग्रजी. त्यांना मी इथल्या रीतीप्रमाणे 'मिस' म्हणायचो. त्यांचं सगळं बोलणं मी इथे मराठीत आणून मांडतो आहे.

मिसच्या घरी पुढच्या खोलीत भिंतीला लावलेला उभा पियानो होता. आत कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्यांची पुरचुंडी ठेवलेली, त्यामुळे झाकण उघडलं की कपाटासारखा वास यायचा. पावसाळी हवेत त्याच्या दोन-तीन पट्ट्या फुगून अडकायच्या, दाबल्या की वर यायच्या नाहीत, आणि मिस बोलता बोलता त्या नखाने उचलायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीही वाजवू दिलं नाही. "हात सोडून द्या. मांडीवर पडू देत," त्या म्हणाल्या. मी सोडले. "आता ते जसे पडले आहेत ना, थोडे वळलेले, तसेच उचला आणि पट्ट्यांवर ठेवा. वाटेत काही करू नका." मी उचलले आणि वाटेत बोटं ताठ झाली. पुन्हा. पुन्हा ताठ झाली. "तुम्ही काहीतरी धरायला निघालात," त्या म्हणाल्या. "पियानोत धरायचं काही नाही." मग त्यांनी माझ्या स्टुलाची उंची बदलली, कोपर पट्ट्यांच्या पातळीला आणलं, आणि मनगटाखालून आपलं एक बोट नुसतं फिरवून पाहिलं, मनगट खाली लोंबत नाही ना.

मग बोटांचे आकडे. अंगठा एक, करंगळी पाच, दोन्ही हातांना. मला आधी वाटलं यात शिकण्यासारखं काय आहे. पण उजव्या हाताचा एक डावीकडे येतो आणि डाव्या हाताचा एक उजवीकडे, आणि माझं डोकं दर वेळी तिथे अडखळायचं.

पांढरी एक ही पट्टी सा धरली तर त्यावरचा पहिला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, सा-ग-प. डाव्या हाताने करंगळी सा वर, मधलं बोट ग वर, अंगठा प वर. पाच, तीन, एक. तिन्ही एकदम. माझे तीन स्वर एकामागून एक पडायचे, जिन्यावरून भांडं घरंगळल्यासारखे. मिस म्हणाल्या, "तिघांना एकदम ढकलू नका. तिघं आधी पट्ट्यांना टेकवा. टेकली का? आता हात जड करा." तसं केल्यावर ते तीन स्वर एकदम उमटले. आवाज खोलीत पसरला आणि हळूहळू विरला. मी नुसता ऐकत बसलो. साठीला आलेला माणूस मी, कर्नाटक संगीताच्या गावात जन्मलो, घरात रोज वीणा ऐकतो, आणि तीन स्वर असे एकमेकांजवळ उभे राहिलेले मी याआधी कधी लक्ष देऊन ऐकले नव्हते.

पुढच्या वेळी त्यांनी मी खुर्चीच्या दांड्यावर पाहिलेली ती गंमत उलगडून दाखवली. सा-ग-प वरून दुसऱ्या कॉर्डवर जायचं आहे, त्यात म, ध आणि सा आहेत. मी सबंध हात उचलला आणि म वर न्यायला निघालो. मिसनी मनगट धरलं.

"दोघांत सारखं काय आहे?"

"सा."

"मग सा वरचं बोट का उचललंत?"

करंगळी सा वर तशीच राहिली, दुसरं बोट म वर गेलं, अंगठा ध वर सरकला. झालं. पाच, दोन, एक. तिसऱ्या कॉर्डमध्ये प, नि, रे. सा-ग-प वरून तिथे जाताना सारखा प, म्हणून अंगठा हलवायचा नाही. करंगळी एक पट्टी डावीकडे, खालच्या नि वर, आणि मधलं बोट रे वर. या तीन कॉर्डवर रविवारची निम्मी गाणी निघतात, असं त्या म्हणाल्या. हात उड्या मारत पळवायचा नाही. आधी न हलणारं बोट शोधायचं, मग हलणाऱ्यांना शक्य तितकं कमी हलवायचं.

घरी सराव कसा करायचा तेही त्यांनी सांगितलं, आणि ते मला सगळ्यात विचित्र वाटलं. आवाज करायचाच नाही. एक कॉर्ड वाजवायचा, मग पुढच्या कॉर्डच्या पट्ट्यांवर बोटं नुसती ठेवायची, दाबायची नाहीत, तिघं बरोबर आहेत की नाही ते पाहायचं, आणि मगच दाबायचं. थोडं जमलं की डोळे मिटून. मी घरासाठी एक साधा कीबोर्ड आणला आणि सकाळी कॉफीच्या आधी समोरच्या खोलीत बसून हे करू लागलो.

माझी पत्नी वीणा वाजवते. ती तिरुवैयारुला मुलींना वीणा शिकवायला जाते, आठवड्यातले बरेच दिवस बसने, कधी आपल्या मोपेडवर. तीही आमच्यातलीच, तंजावूरच्या मराठी घरातली. सुरुवातीचे काही दिवस तिने काहीच विचारलं नाही. मग एका सकाळी पेला हातात घेऊन दारात उभी राहिली.

"तीन स्वर एकदम वाजवलेत," ती म्हणाली. "मग? पुढे काय?"

"पुढे दुसरे तीन."

"ते कशाला?"

मी सा-ग-प दाबून धरला आणि तिला म्हटलं, यावर काहीतरी वाजव. तिने वीणा आणली. तिच्या वीणेचा षड्ज आणि माझी पांढरी एक जुळेना, मग कीबोर्डचं बटण दाबून माझाच सूर तिच्याकडे नेला. ती शंकराभरणम राग वाजवू लागली, कारण माझ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या सगळ्यात जवळचा तोच. पहिल्या काही स्वरांना बरं वाटलं. मग ती ग वर आली आणि तिने तार ओढून तो ग झुलवला, आणि माझा ग त्याला लागला. खरोखर लागला, अरुंद बोळात समोरून येणाऱ्या माणसाचा खांदा लागावा तसा.

तिने हात थांबवला. "हा तुमचा ग हलत नाही."

"नाही हलत."

"जरा हलवा की."

"पट्टी आहे ती. दाबली की वाजते, सोडली की थांबते."

"मग तो गाणार कसा?" तिने अगदी मनापासून विचारलं.

मी तो प्रश्न तसाच मिसकडे नेला. त्यांनी फुगलेली एक पट्टी नखाने उचलली. मग म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, एक सा धरून ठेवा आणि तुम्ही खाली कॉर्ड बदला. मग काय ऐकू येतं ते मला सांगा."

आम्ही तसं केलं. तिने नुसता वरचा सा छेडला, पुन्हा पुन्हा, सरळ. त्याखाली मी सा-ग-प वाजवला, मग म-ध-सा. तिची भुवई वर गेली. "पुन्हा," ती म्हणाली. मी पुन्हा केलं. मग मिसनी नुकताच शिकवलेला एक उदास कॉर्ड, ध-सा-ग, तोही खाली ठेवला. ती सा छेडत राहिली. तिचं बोट जिथे होतं तिथेच होतं, पण सा दर वेळी वेगळा वाटत होता. आधी घरी बसल्यासारखा, मग ओसरीवर येऊन बसल्यासारखा, मग कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा.

"मी काही केलं नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्यात स्वर हलवत नाहीत. त्याच्या खालची जमीन हलवतात."

हे वाक्य मी मिसना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, "त्यांना एकदा घेऊन या."

पण त्याआधी दुसरंच घडलं. मिस मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी शेवाळावरून घसरल्या आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. त्यांच्या भाचीचा फोन आला, ती त्यांच्याबरोबर राहायची आणि बँकेत नोकरीला होती. मी गेलो तेव्हा हाताला प्लास्टर होतं आणि मिस पियानोसमोर बसून उजव्या हाताने सूर वाजवत होत्या. नुसता सूर, खाली काही नाही. मी दारात आहे हे त्यांना माहीत होतं, तरी त्या थांबल्या नाहीत. गाणं पूर्ण झाल्यावर म्हणाल्या, "असं वाजवलं तर लोक बेसूर होतात. खाली आधार लागतो."

चर्चमध्ये दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं का, हे मी विचारलं. एक मुलगी होती, ती शिकायला चेन्नईला गेली होती. बाकी गिटारवाले होते, पण मिसच्या मते ते गाणं पळवायचे.

"तुम्ही डावा हात वाजवा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या गंमत करत आहेत. "मिस, मी शिकतो आहे अजून. आणि मी चर्चला येणाराही नाही."

"पाद्रींना मी विचारलं आहे. त्यांची हरकत नाही. तुमची आहे का?"

माझी हरकत नव्हती, भीती होती. घरी सांगितलं तर पत्नी म्हणाली, "तीनच कॉर्ड आहेत ना? मग अस्कं तुमच्या बोटांत आहे." अस्कं म्हणजे आमच्या बोलीत सगळं. मग म्हणाली, "मी पण येते ऐकायला."

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं एकाच बाकावर बसायचो. डावीकडे मी, उजवीकडे मिस, प्लास्टरचा हात मांडीवर. त्या आठवड्यांत मी जेवढं शिकलो तेवढं आधी शिकलो नव्हतो. त्या एका हाताने सूर वाजवायच्या आणि मला कॉर्ड बदलायची जागा यायच्या जरा आधी श्वास घ्यायच्या, तेवढीच खूण. मी बोटांकडे बघू लागलो की म्हणायच्या, "ती तिथेच आहेत, कुठे जात नाहीत." कॉर्ड चुकला की म्हणायच्या, तिन्ही फोडून वाजवा, खालचा, मधला, वरचा. तसं केलं की कुठलं बोट आळशी आहे ते लगेच ऐकू यायचं. नेहमी मधलंच असायचं. एकदम दाबल्यावर ते इतर दोघांच्या आवाजाआड लपायचं.

त्याच दिवसांत मी त्यांना विचारत असे, म वर दुसरंच बोट का, तिसरं का नाही. त्या म्हणायच्या, तशीच पद्धत आहे. मी विचारायचो, कुणी ठरवली. त्या म्हणायच्या, डॉक्टर, आधी वाजवा.

पहिल्या रविवारी सकाळी चर्च भरलेलं होतं. पंखे फिरत होते, बाया पुस्तकांनी वारा घेत होत्या. माझे दोन-तीन रोगी समोरच दिसले आणि त्यांनी मला पाहून एकमेकांकडे पाहिलं. पत्नी शेवटच्या बाकावर बसली होती. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला कळलं की माणसांबरोबर वाजवणं आणि मिसबरोबर वाजवणं यात फार फरक आहे. लोक ओळीच्या शेवटी स्वर लांबवायचे, श्वास घ्यायचे, मग पुढे जायचे. माझी बोटं मोजून चालत होती. दुसऱ्या कडव्याला मी लोकांच्या पुढे निघून गेलो.

"बोटांचं ऐकू नका," मिस ओठ न हलवता म्हणाल्या. "त्यांचं ऐका."

मी लोकांचं ऐकायला गेलो आणि हात कुठे आहे ते विसरलो. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर मी असा कॉर्ड दाबला की समोरच्या रांगेतल्या एका आजोबांनी पुस्तकातून मान वर केली. मी घाबरून हात उचलला. खाली काहीच उरलं नाही. मिसचा उजवा हात एकटा चालत राहिला. मला वाटलं आता सगळं कोसळणार, पण लोक गातच होते, उलट थोडे मोठ्याने. मिसनी कोपराने मला हलकेच ढकललं, पुढच्या ओळीआधी श्वास घेतला, आणि मी सा-ग-प वर परतलो. तिथून शेवटपर्यंत मी चुकलो नाही, असं म्हणता येणार नाही, पण हात पुन्हा उचलला नाही.

बाहेर आल्यावर माझा चेहरा बघून पत्नी म्हणाली, "मध्ये तुम्ही गप्प झालात ना, ते मला आवडलं."

"तिथे मी चुकलो होतो."

"असेल. पण तेव्हा शब्द ऐकू आले. आणि तुम्ही परत आलात तेव्हा कळलं की खाली काहीतरी होतं. आधी कळत नव्हतं."

हे तिने मिससमोरच म्हटलं. मिसनी तिचा हात धरला आणि विचारलं, "जमीन हलते असं म्हणणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

पुढच्या काही रविवारी आम्ही असंच वाजवलं. माझी बोटं हळूहळू शहाणी झाली. मग मिसचं प्लास्टर निघालं, आणि आम्ही सगळे समजत होतो की आता सगळं पहिल्यासारखं होणार. तसं झालं नाही. हाड जुळलं, पण करंगळी आखडून राहिली. ती खाली वाकायची, बाजूला उघडायची नाही. फिजिओथेरपीच्या बाई यायच्या, गरम पाण्यात हात बुडवून व्यायाम घ्यायच्या. मिस सगळं निमूटपणे करायच्या. एकदा मी गेलो तेव्हा त्या सा-ग-प वाजवायचा प्रयत्न करत होत्या. करंगळी सा पर्यंत पोचत होती, पण तिथे टेकली की सबंध हात तिरका व्हायचा आणि अंगठा प वरून घसरायचा. त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, "आज नको." त्यानंतर आठवडाभर रोज 'आज नको' असंच ऐकायला मिळालं. भाची हळूच मला म्हणाली, "आत्या झाकणावर हात ठेवून बसून राहते."

शेवटी मी माझ्या धंद्यातलीच एक गोष्ट सांगितली. एक दात गेला की आम्ही दोन्ही बाजूंच्या दातांवर पूल बांधतो. गेलेल्या दाताचं काम शेजारचे करतात. मी म्हटलं, "मिस, अनामिकेने सा वाजवला तर?"

"पाच, तीन, एक," त्या म्हणाल्या. "मी मुलांना आयुष्यभर तेच शिकवलं."

"मुलांना करंगळी होती."

मी फार बोललो की काय असं मला वाटलं. मग त्यांनी झाकण उघडलं. अनामिका सा वर, दुसरं बोट ग वर, अंगठा प वर. चार, दोन, एक. हात सरळ बसला. त्यांनी तो कॉर्ड वाजवला आणि नाक मुरडलं. "पोकळ वाटतो." पुन्हा वाजवला. "नाही, तेवढा पोकळ नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी मला काही शिकवलं नाही. आम्ही नुसतं शोधत होतो. सा-ग-प वरून म च्या कॉर्डवर जाताना अनामिका सा वर ठेवली तर दुसरं बोट म पर्यंत आरामात जातं, पण अंगठ्याला ताण येतो. मग सा सोडूनच द्यावा का? सोडला तर ऐकणाऱ्याला खड्डा जाणवेल. मिस म्हणाल्या, खालचा सा आधी एकटा वाजवू, पायाने पेडल दाबून तो धरून ठेवू, आणि मग हात वर सरकवून वरचे दोन. आवाज तसाच राहिला, हाताला विश्रांती मिळाली. त्या हे करून पाहताना अगदी विद्यार्थिनीसारख्या पुढे वाकल्या होत्या.

मध्येच त्यांनी माझा डावा हात पकडून उजेडात धरला. तळवा उलटा केला, बोटं एकमेकांना लावून पाहिली.

"तुमची करंगळी आखूड आहे," त्या म्हणाल्या.

"हो. वडिलांचीही तशीच होती."

"हे मी इतके दिवस पाहिलंच नाही. म वर दुसरं बोट का म्हणून तुम्ही विचारत होता, तेव्हा मी तुमचा हात बघायला हवा होता. तुम्हाला काही ठिकाणी चौथं बोट बरं पडेल."

तिथून आमचे धडे बदलले. आता त्या बोटांचे आकडे सांगत नाहीत. मी वाजवतो, त्या हाताकडे बघतात आणि विचारतात, इथे दुखतं का, पुढे जायला कोण मोकळं आहे. उजव्या हाताने सप्तक चढताना अंगठा तळव्याखालून जायला हवा, तोही त्या आता वेगळ्या तऱ्हेने सांगतात. तिसरं बोट वाजेपर्यंत थांबायचं नाही, अंगठ्याचं काम संपल्याबरोबर त्याने निघायचं, म्हणजे तो वेळेआधीच पोचून वाट पाहतो. हे मला अजून नीट जमत नाही. पत्नीला पहिल्या प्रयत्नात जमलं. तिच्या उजव्या हाताची बोटं वीणेच्या तारा छेडतात आणि अंगठ्याला काही काम नसतं, तरी जमलं. असं का, याचं कारण आम्ही तिघांनीही शोधून पाहिलं आणि सापडलं नाही.

मिस पुन्हा दर रविवारी चर्चमध्ये वाजवतात, एकट्या. मी कधी जातो, कधी नाही. गेल्या आठवड्यात मी आणि पत्नी त्यांच्या घरी गेलो होतो. बाहेर पाऊस पडून गेला होता आणि पियानोची एक पट्टी पुन्हा फुगली होती. मिस आणि मी वाद घालत होतो. त्यांचं म्हणणं, चार-दोन-एकचा कॉर्ड आणि पाच-तीन-एकचा कॉर्ड कानाला वेगळे लागतात. माझं म्हणणं, पट्ट्या त्याच, तारा त्याच, वेगळं कसं लागेल.

"यांना विचारू," मिस म्हणाल्या आणि पत्नीला पियानोकडे पाठ करून बसायला सांगितलं. तोच कॉर्ड मी दोन तऱ्हांनी वाजवला, आधी एक, मग दुसरा. मग क्रम उलटा. मिस मध्येच खूण करून मला पुन्हा पहिला वाजवायला लावत होत्या.

पत्नी डोळे मिटून ऐकत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सुरुवातीला फरक नाही. अस्के सारखेच लागतात."

मी मिसकडे पाहिलं.

"पण सोडताना आहे," ती पुढे म्हणाली. "एकात तिन्ही स्वर एकदम जातात. दुसऱ्यात खालचा जरा मागे राहतो."

"कुठल्यात?" मिसनी आणि मी एकदमच विचारलं.

"ते सांगते," ती म्हणाली. "पण आधी आणखी एकदा वाजवा. या वेळी सावकाश सोडा."